वाचकांचे प्रश्न : पटावरचे रणगाडे आणि पायदळ

प्रश्न : मी व माझा मित्र दर रविवारी दुसऱ्या महायुद्धावर बेतलेला ‘बोल्ट अॅक्शन’ हा खेळ छोट्या प्रतिकृती मांडून खेळतो. माझ्याकडे ब्रिटिश पायदळ व एक शेर्मन रणगाडा आहे, तर मित्राकडे जर्मन टायगर. प्रत्येक डावात टायगर माझी फळी कापून काढतो. नियमांतच काही गफलत आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : गफलत नियमांत नसून बहुधा आपल्या टेबलावर आहे. आपण मांडणीचे छायाचित्र पाठवलेले नाही. तरी सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर दोन घरे आणि चार झाडे एवढाच आडोसा असेल, असा माझा कयास आहे. असे मोकळे मैदान म्हणजे टायगरला दिलेले आमंत्रणच होय.

आधी हिशोब पाहू. टायगरच्या चिलखताचा आकडा 10 आहे आणि शेर्मनच्या तोफेची भेदकता 5. नेम लागल्यावर एक फासा टाकून त्यात ही भेदकता मिळवायची असते. म्हणजे समोरून मारा केल्यास 5 पडले तर बरोबरी होऊन वरवरचे नुकसान होते, आणि पुरता घाव बसण्यासाठी 6 च पडावे लागतात. अंतर लांबचे असेल तर तेही पुरत नाहीत. तोच शेर्मन टायगरच्या पाठीमागे पोहोचला, तर दोन गुण वाढून मिळतात आणि 4 पडले तरी काम होते. मागे पोहोचायचे तर वाटेत घरे, कुंपणे व झाडी हवी. आपल्या पायदळाजवळ पियाट हे खांद्यावरून डागायचे रणगाडाविरोधी शस्त्र असेल, तर त्याचा पल्ला अवघा 12 इंच असल्यामुळे त्यालाही आडोशाची तेवढीच गरज आहे.

दुसरी गोष्ट अशी, की नवे खेळाडू पायदळाकडे फक्त किती शत्रू मारले या हिशोबाने पाहतात. या खेळाचे मर्म मात्र दबावाच्या खुणांमध्ये आहे. गोळी लागलेल्या तुकडीतला एकही सैनिक पडला नाही, तरी तिच्यावर एक खूण बसते. या खेळात पाळी कोणाची हे पिशवीतून काढलेला हुकमाचा फासा ठरवतो. तो निघाल्यावर अशी खूण असलेल्या तुकडीला हुकूम पाळण्यासाठी दोन फाशांची परीक्षा द्यावी लागते, म्हणजे त्यांची बेरीज तिच्या मनोबलाइतकी किंवा त्याहून कमी यावी लागते, आणि प्रत्येक खूण तिचे मनोबल एकाने उतरवते. साधारण तुकडीचे मनोबल 9 असते. तीन खुणा बसल्या की ते 6 वर येते, म्हणजे दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी केवळ 15 तिच्या बाजूच्या उरतात. रायफली व मशीनगनी टायगरवर वाया घालवू नयेत, कारण त्यांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. त्याच्या बाजूने चालणाऱ्या जर्मन पायदळाला त्यांनी जमिनीला खिळवून ठेवावे. सोबतचे पायदळ अडले, की एकटा टायगर पुढे येऊन पियाटच्या टप्प्यात सापडतो.

आडोशासाठी फार खर्च नको. काथ्याचे जुने पायपुसणे कापले की पिकाने भरलेले शेत तयार होते, आणि थर्माकोलच्या टेकडीवर फेविकॉल लावून वाळू पसरली की काम भागते. थर्माकोलवर फवाऱ्याचा रंग मात्र थेट मारू नये, तो टेकडी खाऊन टाकतो. (माझ्या पहिल्या टेकडीचे दिवाळीच्या आदल्या दिवशी विवर झाले होते.)

प्रश्न : या खेळात रायफलचा पल्ला 24 इंच धरला आहे. 1:56 या प्रमाणात तो खरा वाटतो का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही. तो प्रत्यक्षात 112 फूट भरतो, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांहूनही कमी. पण खरा पल्ला धरला तर टेबल दिवाणखान्यात मावणार नाही. प्रमाण प्रतिकृतींना लागू असते, जमिनीला नव्हे.

प्रश्न : मराठी जवानांची तुकडी पटावर उतरवता येईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य येईल, आणि त्यासाठी इटलीची मोहीम निवडावी. 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी तिथे लढल्या आणि तिच्या दोन जवानांना त्या मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला : नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या टायबर खोऱ्यातील पराक्रमाबद्दल मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या सेनिओ नदीवरील पराक्रमाबद्दल. या पलटणीसाठी पोलादी शिरस्त्राण घातलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्रतिकृती चालतील. फक्त कातडीचा रंग वेगळा द्यावा. भारतीय सैनिक म्हणून पुष्कळदा पगडीधारी प्रतिकृतीच हाती येतात, त्या या कामाच्या नाहीत. मऊ प्लास्टिकचे सैनिक असतील, तर ते साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवल्याशिवाय रंगवू नयेत, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

डाव मांडायला सेनिओ अधिक रंगतदार. नदी अरुंद ठेवा, दोन्ही काठांना उंच, चढे बांध घाला, सुरुंगांचा पट्टा आखा आणि जर्मनांना पलीकडच्या बांधावर तीन मशीनगनी द्या. मराठ्यांना रणगाडा देण्याचा मोह टाळावा. जाधव हे कंपनीचे निरोप्ये होते. दोन जखमींना पाण्यातून व सुरुंगांमधून सुखरूप पोहोचवून त्यांनी मशीनगनची ही ठाणी एकट्याने मोडून काढली आणि बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना हाताने बोलावले. म्हणून जिंकण्याची अट अशी ठेवा : सहाव्या फेरीअखेर बांधाच्या माथ्यावर मराठ्यांचा एक तरी सैनिक उभा असला पाहिजे.