वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन निवडणुकीतील बाद मते

प्रश्न : मी गेल्या काही महिन्यांपासून मराठी विकिपीडियावर नियमित लिहिते. फेब्रुवारीत झालेल्या प्रतिपालकांच्या निवडणुकीत मी एका उमेदवाराला पाठिंबा दिला. नंतर पाहिले तर माझ्या मतावर आडवी रेघ मारलेली होती. माझे लेखन कमी दर्जाचे ठरले, असा याचा अर्थ घ्यायचा का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. प्रतिपालक, म्हणजे स्टुअर्ड, हे सर्व भाषांतील विकिप्रकल्पांसाठी काम करणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांच्या हाती कोणत्याही प्रकल्पावरील अधिकार देण्या-काढण्याची ताकद असते. म्हणून त्यांच्या निवडणुकीत मतदाराच्या पात्रतेच्या अटीही बऱ्यापैकी कडक ठेवल्या आहेत. अलीकडच्या वर्षांत आधीच्या 1 नोव्हेंबरपूर्वी सर्व प्रकल्प मिळून किमान 600 संपादने आणि 1 ऑगस्ट ते 31 जानेवारी या काळात किमान 50 संपादने अशी अट राहिली आहे. पहिल्या अटीमुळे केवळ मतदानासाठी उघडलेली खाती बाहेर राहतात आणि दुसरीमुळे वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेली खाती ऐनवेळी जागी करून वापरता येत नाहीत. आपण काही महिन्यांपूर्वीच लेखन सुरू केले असल्याने बहुधा पहिली अट पूर्ण झाली नसावी. मराठीतील संपादनांना इंग्रजीतील संपादनांइतकेच वजन असते, हे मात्र आवर्जून सांगतो, कारण याविषयी आपल्याकडे उगाच गैरसमज आहे.

आपले मत पानावरून पुसून न टाकता त्यावर रेघ मारली गेली, याकडे लक्ष द्यावे. विकीवरील खुल्या मतदानात मते क्रमांकित यादीत येतात. बाद मतावर रेघ मारून ओळीच्या आरंभी क्रमांकाच्या चिन्हापुढे (#) अपूर्णविराम (:) घातला, की ती ओळ यादीत दिसत राहते पण तिला क्रमांक मिळत नाही आणि पुढची मते आपोआप एका अंकाने वर सरकतात. मत कोणी दिले होते, ते कोणी खोडले आणि केव्हा, हे सारे पानाच्या इतिहासात कोणालाही तपासता येते. कारणाची नोंद सापडली नाही तर चर्चापानावर विचारावे. तो आपला हक्क आहे.

एका मताने काय होते, असे कोणी म्हणेल. या निवडणुकीत किमान 30 पाठिंबे आणि 80 टक्के पाठिंबा लागतो, व तटस्थ मते टक्केवारीत धरली जात नाहीत. समजा, 120 जण बाजूने आणि 30 जण विरोधात आहेत. पाठिंबा बरोबर 80 टक्के होतो. बाजूचे एकच मत बाद झाले तर तो 79.87 टक्क्यांवर येतो आणि उमेदवार पडतो. म्हणूनच पात्रतेचे नियम मतदानाआधी जाहीर झालेले असणे अत्यावश्यक आहे.

प्रश्न : गुप्त मतदानात माझे मत कोणाला दिसतच नाही, तर ते बाद कसे करतात? आणि चुकून दोनदा मत दिले तर दोन्ही बाद होतात का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या विश्वस्त मंडळाच्या निवडणुकीत सिक्युअरपोल ही प्रणाली वापरतात. तिच्यात मतदाराचे नाव व वेळ यादीत दिसते, पण मताचा मजकूर कूटबद्ध असतो. त्यामुळे छाननी करणारा मत कोणाला गेले हे न पाहता ते पात्र खात्याचे आहे का, एवढेच तपासतो. दोनदा मत दिल्यास आधीचे मत रद्द होऊन शेवटचे धरले जाते. यात दंड काही नाही.

आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम शब्दांत लिहिला किंवा मतपत्रिकेवर सही केली, तर ते मत बाद होते. तेथे दोष कागदावरच्या खुणेत शोधला जातो. ऑनलाइन अर्जात अशा चुकीला फारसा वाव उरत नाही, त्यामुळे खरा प्रश्न मतदाराच्या ओळखीचा होतो. 2021 मध्ये विश्वस्त मंडळाच्या 4 जागांसाठी 19 उमेदवार होते आणि मतदान पसंतीक्रमाने झाले. अशा पद्धतीत एखाद्याने दोनच नावांना क्रम दिला आणि दोन्ही उमेदवार मोजणीतून बाहेर पडले, तर त्याचे मत पुढच्या फेऱ्यांत कोणाकडे जात नाही. त्याला बाद मत म्हणणे चूक आहे, कारण ते आधीच्या फेऱ्यांत मोजले गेलेले असते.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या ऑनलाइन वाचकगटाची कार्यकारिणी यंदा मतदानाने निवडायची आहे. बाद मतांबाबत कोणती काळजी घ्यावी? (एक कार्यवाह, कोल्हापूर)

उत्तर : मतदारयादी एका ठरावीक तारखेला गोठवावी आणि गटात जाहीर करून हरकतींसाठी काही दिवस द्यावेत. बहुतेक भांडणे येथेच मिटतात. मुदत लिहिताना दिवसाबरोबर वेळही लिहावी, आणि परदेशी सभासद असतील तर ती भारतीय प्रमाणवेळ आहे असे स्पष्ट करावे. उमेदवार नसलेल्या तिघांची छाननी समिती नेमावी.

सर्वांत नाजूक बाब म्हणजे छाननी आणि मोजणी यांचा क्रम. अनेक संस्था गूगल फॉर्म वापरतात, आणि त्याच्या तक्त्यात मतदाराचा ईमेल व त्याचे मत एकाच ओळीत येते. मग कोणाचे मत कोणाला गेले हे डोळ्यांसमोर असताना पात्रता ठरवली जाते, आणि ठरवणारा कितीही सरळ असला तरी हरणाऱ्याचा विश्वास बसत नाही. म्हणून तक्ता पाहणाऱ्या एकाच व्यक्तीने मतांचे रकाने लपवून फक्त ईमेल व वेळ यांची यादी समितीला द्यावी, समितीने पात्र-अपात्र ठरवून कारणांसह लेखी नोंद करावी, आणि त्यानंतरच मते उघडावीत. निकाल कळल्यावर कोणतेही मत बाद करू नये, असा स्वतंत्र नियमच लिहून ठेवावा. बाद मताची ओळ तक्त्यातून काढून टाकू नये. तिच्यापुढे कारण लिहून ती जपावी, आणि संबंधित सभासदाला खासगीत कळवावे.

एका घरात एकच मोबाइल असतो, आजी-आजोबा नातवाच्या ईमेलवरून फॉर्म भरतात. एकाच ठिकाणाहून दोन मते आली एवढ्यावरून त्यांना बनावट समजणे अन्यायाचे ठरेल; विकिप्रकल्पांवरही एका शाळेतून किंवा एका घरातून आलेली मते केवळ त्या कारणाने खोडत नाहीत, इतर पुरावा पाहतात. अशा सभासदांना मतदानाआधी दूरध्वनीवरून विचारून यादीत तशी नोंद करून घ्यावी. समान मते पडली तर काय करायचे, हेही आधीच ठरवावे. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात अशा वेळी चिठ्ठी टाकून निर्णय होतो, आणि तोच मार्ग आपल्यालाही वापरता येईल.