तुमची गाडी, तुमचे प्रश्न : ॲव्हरेज का पडलं?

या महिन्याच्या पत्रांत जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच, गाडी पूर्वीसारखं ॲव्हरेज देत नाही. म्हणून यावेळी तेवढाच विषय घेतलाय. ॲव्हरेज पडणं हा ताप असतो, आजार वेगळाच असतो, आणि तो वेळेत सापडला तर पेट्रोलही वाचतं आणि इंजिनही.

प्रश्न : माझी 2019 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. आधी गावात आणि हायवेवर मिळून 17 द्यायची, आता 14 वर आलीये. सगळे म्हणतात इथेनॉलमुळे. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात गाडीत काही प्रॉब्लेम नाही. मग नक्की काय समजायचं? – एक वाचक, नाशिक

इथेनॉलचा वाटा आहेच, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. 2022 मध्ये आपलं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं आणि 2025 पर्यंत वीस टक्क्यांवर गेलं, त्यामुळे दहावरून वीसवर येताना हिशेबाने तीन-साडेतीन टक्के फटका बसतो. म्हणजे 17 चं साडेसोळाच्या आत-बाहेर. तुमची गाडी वीस टक्क्यांसाठी बनलेली नाही त्यामुळे अजून थोडं धरा, अगदी 16 धरा. तरीसुद्धा 16 ते 14 चा हिशेब लागत नाही, आणि तोच शोधायचाय.

पहिलं म्हणजे डॅशबोर्डवरचा आकडा सोडून द्या. पंपावर टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झालं की बस, राउंड फिगरसाठी अजून घालायला लावू नका. जास्तीचं पेट्रोल वाफा धरणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं आणि ते खराब होतं. ट्रिप मीटर शून्य करा, निदान तीन-चारशे किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर परत फुल करा आणि भागाकार करा. एका टाकीवर निकाल लावू नका, दोन-तीन टाक्या बघा.

मग हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा टायर थंड असतानाचा असतो. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच आकडा मारतो तो नाही चालत. नाशिकची डिसेंबरमधली पहाट लक्षात घ्या, तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने उतरते, म्हणजे दिवाळीत बरोबर असलेली हवा संक्रांतीला कमी असते, पंक्चर नसतानासुद्धा.

आता ब्रेक. हे कुणी बघत नाही म्हणून सविस्तर सांगतो. आठ-दहा किलोमीटर चालवून या, शेवटचा टप्पा ब्रेक कमीत कमी मारत या, मग उतरून चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, हात लावू नका. पुढची दोन्ही सारखी कोमट लागतील ते ठीक. पण एकाच चाकातून धग येत असेल तर त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, जॅम आहे, पॅड डिस्कला सतत घासतंय आणि इंजिन रात्रंदिवस ब्रेक ओढत चाललंय. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. स्लाइड पिना साफ करून ग्रीस लावली की बहुतेक वेळा काम होतं, खर्चही फार नाही.

आणि शेवटचं, थर्मोस्टॅट. इंजिन ठराविक तापमानाला येईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा छोटा व्हॉल्व. तो उघडाच अडकला की इंजिन कायम गार राहतं, कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीये, आणि तो जास्त पेट्रोल सोडत बसतो. आपल्याकडे तर गाडी तापते म्हणून कित्येक मेस्त्री थर्मोस्टॅट सरळ काढूनच टाकतात, मालकाला पत्ताही नसतो. सर्व्हिसवाल्यांना सांगा की स्कॅनर लावून चालत्या गाडीचं कूलंट टेम्परेचर दाखवा. 85-90 च्या आसपास हवं. हायवेला साठ-पासष्टवरच रेंगाळत असेल तर चोर सापडला. गार इंजिनात न जळालेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, आणि इंजिनाची झीज वाढते, म्हणून हे नुसतं ॲव्हरेजपुरतं नाहीये.

प्रश्न : आम्ही चिपळूणचे, कऱ्हाडला जाणं-येणं असतं. परत येताना कुंभार्ली घाट उतरताना सासरे गाडी न्यूट्रलला टाकतात, म्हणतात एवढा उतार आहे तर पेट्रोल कशाला जाळायचं. मला भीती वाटते पण बोलता येत नाही. – एक वाचक, चिपळूण

ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे, आणि हे उत्तर सासऱ्यांना वाचायला द्या. ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. जुन्या फियाटला, जुन्या मारुतीला उतारावर गिअरमध्येसुद्धा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खेचलं जायचं, त्यामुळे त्या पिढीचा हिशेब त्यांच्या गाडीपुरता चुकीचा नव्हता. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये आहे, तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलाय आणि चाकंच इंजिन फिरवतायत, तर कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल शून्य! आरपीएम अगदी खाली आले की मग परत थोडं सोडतो. न्यूट्रल केलंत तर मात्र इंजिन चालू ठेवायला आयडलिंगचं पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे वाचवायला जाताय आणि जास्त घालवताय.

त्याहून मोठी गोष्ट ब्रेकची. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, वळणामागून वळण दाबत राहिलात की पॅड तापतात, ब्रेक ऑईल जुनं असेल तर ते उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल एकदम खाली जातं. त्या क्षणी हातात काही उरत नाही. साधा नियम म्हणजे जो घाट ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचा, किंवा फार तर एक वरचा, आणि ब्रेक थोडाथोडा मारून सोडायचा. काही लोक उतारावर इंजिनच बंद करतात. तसं कधीच नको, ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि स्टिअरिंग जड होतं.

प्रश्न : माझी 2021 ची डिझेल एसयूव्ही आहे. ऑफिस घरापासून चार किलोमीटर, रोज तेवढंच चालते. डीपीएफचा दिवा सारखा लागतो आणि ॲव्हरेजही खूप पडलंय. – एक वाचक, पुणे

स्पष्टच सांगतो, चार किलोमीटरच्या ऑफिससाठी बीएस 6 डिझेल ही गाडीच नाही. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ, आणि ती काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. तुमचं ऑफिस येतं तेव्हा इंजिनसुद्धा धड तापलेलं नसतं. मग गाडी जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर तापवायला जाते, तुम्ही मध्येच चावी फिरवता, उद्या परत तेच. ॲव्हरेज तिथे जातंय, आणि त्यातलं थोडं डिझेल इंजिन ऑईलमध्येही उतरतंय. डिपस्टिक काढून बघा, ऑईलची पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ऑईल बदलल्याशिवाय चालवू नका.

दर रविवारी गाडी हायवेवर काढा, वीस-पंचवीस मिनिटं न थांबता, एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर राहतील अशी चालवा. दिवा लुकलुकायला लागला किंवा गाडीचं पिकअपच गेलं तर मात्र वाट बघू नका, स्कॅनरने फिल्टर साफ करून घ्यावा लागतो, उशीर केलात तर बदलावा लागतो आणि ते बिल फार जड असतं. ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घ्या. फिल्टर कापून टाकतो म्हणणारे भेटतील, ते बेकायदा आहे आणि हवा आपणच खातो.

प्रश्न : आमच्याकडचा मेस्त्री म्हणतो सोलापूरच्या उन्हात 5डब्ल्यू-30 ऑईल पाण्यासारखं होतं, 20डब्ल्यू-50 घाला, इंजिन टिकेल. घालू का? – एक वाचक, सोलापूर

नका घालू. बाहेर 43 अंश असोत नाहीतर महाबळेश्वरचा गारठा, चालू इंजिन आतून साधारण एकाच तापमानाला असतं, थर्मोस्टॅट त्यासाठीच आहे. आणि तो दुसरा आकडा, 30, हा 100 अंशांवरच मोजलेला असतो, म्हणजे उन्हाचा विचार करूनच कंपनीने ऑईल सांगितलंय. जाड ऑईल बारीक वाटांतून उशिरा पोचतं, सकाळच्या पहिल्या स्टार्टला वरचे भाग कोरडे घासतात, आणि पंपाला जास्त जोर लागतो म्हणून ॲव्हरेजही जातं. इंजिन ऑईल खात असेल तर गळती बघा, कॉम्प्रेशन तपासा, जाड ऑईलने ते झाकू नका. गाडी कमी चालत असली तरी वर्षाला ऑईल बदला. कूलंटमध्ये नळाचं पाणी ओतू नका, सोलापूरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या आत क्षार बसतो आणि खरी गाडी तापते ती त्याने.

प्रश्न : कंपनी 22 सांगते, मला 15 मिळतं. फसवणूक आहे का? महागडं पेट्रोल टाकून बघू का? – एक वाचक, ठाणे

फसवणूक नाही, तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद, ठरलेली 1180 सेकंदांची चाल, वेग जास्तीत जास्त 90. त्यात घोडबंदर रोडचं ट्रॅफिक नसतं. ट्रॅफिकमध्ये 15 मिळत असेल तर गाडी तंदुरुस्त आहे. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच घाला, साध्या इंजिनाला त्याने ॲव्हरेज वाढत नाही. सिग्नल मोठा असेल तर गाडी बंद करा, आणि हायवेला 100 ऐवजी 80 ने जाऊन बघा, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 ला जेवढा असतो त्याच्या दीडपटीहून जास्त 100 ला होतो. टपावरचं कॅरिअर वापरात नसेल तर काढून ठेवा. स्कॅनर जिथे लावतात त्या ओबीडीच्या सॉकेटमध्ये लावायचे ते दिवे लुकलुकणारे 'फ्युएल सेव्हर' मात्र घेऊ नका, तेवढ्या पैशात व्हील अलाइनमेंट करून घ्या.