ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिकच्या द्राक्षबागांतून सायकलने कुठून जावं? द्राक्षं दिसतील का?

पिकलेले घड नाही दिसणार, काढणी साधारण जानेवारी ते मार्च. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठी वेलींची छाटणी चालते. कापलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचे थेंब लोंबतात, मजूर काडीवरच्या एकेका डोळ्याला (कोंब फुटतो त्या जागेला) फुटीसाठी पेस्ट लावत सरकतात आणि थोड्याच दिवसांत पोपटी फूट येते. मला तर हाच काळ सगळ्यात देखणा वाटतो.

पहाटे गंगापूर रोडने निघा. सोमेश्वर मंदिर, गंगापूर धरणाजवळची सुला वायनरी, पुढे गिरणारे गाव. तिथे या दिवसांत टोमॅटोचा बाजार गजबजलेला असतो, गाड्यांकडे लक्ष ठेवा. बागेत फवारणी चालू असेल तर लांबच थांबा. आणि सुलात वाइन चाखायचीच असेल तर मुक्काम तिथेच करा, पिऊन सायकलवर अजिबात बसू नका.