आकड्याशेजारी तापाचा दिवस

प्रिय डॉक्टर,

परवा नौपाड्यातल्या दवाखान्यात तू लॅपटॉप उघडून बसलास, चहावर साय धरली तरी तुझं लक्ष नव्हतं. डिझर्टेशनचा विषय पक्का, कोविडच्या मुलांचे रिपोर्ट गोळा झालेले, आणि तुझा प्रश्न एकच, सीआरपीचा, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचा: "मॅडम, एका गंभीर मुलाचा सीआरपी कमी आणि घरी गेलेल्या मुलाचा जास्त, मग ह्याचा अर्थ काय लावायचा?"

मी तेव्हा विचारलं, ते पुन्हा विचारते. रक्त घेतलं तो तापाचा कितवा दिवस होता? तुझ्या शीटमध्ये रक्ताच्या सगळ्या तपासण्या आहेत: फेरिटिन आहे, डी-डायमर आहे, एलडीएच आहे, प्रोकॅल्सिटोनिन आहे. तापाचा दिवस कुठेच नाही. अरे, सूज सुरू झाल्यावर सीआरपी सहा-आठ तासांनी वाढू लागतो, साधारण ४८ तासांत वर जातो, कारण थांबलं की १९ तासांत निम्म्यावर येतो. पहिल्या दिवसाचा १० आणि पाचव्या दिवसाचा १० एकाच रकान्यात टाकलास, तर ती बेरीज होते, अभ्यास नाही.

मी एवढी का चिडते, ते सांगते. दुसऱ्या लाटेनंतरची, २०२१ मधली गोष्ट. कळव्याहून एक सात वर्षांचा मुलगा आला, ताप दुसऱ्या दिवसाचा. महिन्यापूर्वी वडिलांना कोविड झालेला. पोट दुखतं म्हणत होता. सीआरपी जेमतेम वाढलेला. मी रिपोर्ट पाहिला, हायसं वाटलं, पॅरासिटामॉल लिहून घरी पाठवलं. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा डोळे लाल, हातपाय गार, नखावर दाबलं तर रंग परत यायला चार सेकंद. सीआरपी दोनशेच्या वर, प्लेटलेट्स घसरलेल्या, हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी भरमसाट. एमआयएस-सी, म्हणजे कोविड होऊन गेल्यावर मुलांच्या अनेक अवयवांना सूज आणणारा आजार. इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड देऊन, आठ दिवस पीआयसीयूत, मुलांच्या अतिदक्षता विभागात, काढून तो वाचला. पण त्याची आई मला म्हणाली, "मॅडम, परवा रिपोर्ट चांगला होता ना?" ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती.

मला माहीत नव्हतं असंही नाही. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एप्रिल २०२० च्या अखेरीस इशारा दिला होता, मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली होती. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी हे होतं, हे मी स्वतः ज्युनिअर्सना शिकवत होते. त्या आठवड्यांत फोन थांबत नव्हता, ओपीडीत उभं राहायला जागा नव्हती, आणि तसा मुलगा कुणीही घरी पाठवला असता. हे मी आजही स्वतःला सांगते. पण "दुसरा दिवस आहे, उद्या पुन्हा दाखवा" एवढं केस पेपरवर लिहायला कितीसा वेळ लागला असता? तेव्हापासून माझ्याकडचा एकही रिपोर्ट तापाचा दिवस लिहिल्याशिवाय फाईलला लागत नाही. लॅबवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

आणखी एक. एमआयएस-सीच्या व्याख्येतच ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग, तोही सुजेत वाढतो), सीआरपी किंवा प्रोकॅल्सिटोनिन वाढलेलं हवं असं आहे. त्या मुलांना 'गंभीर' गटात घालून मग "गंभीर मुलांत सीआरपी जास्त आढळला" असं लिहिणार असशील, तर नको लिहूस. व्याख्येत जे घातलंस तेच बाहेर येईल. तीव्रता ठरवायची ती श्वासाच्या गतीवर, ऑक्सिजनवर, रक्तदाबावर, पीआयसीयूची गरज लागली की नाही त्यावर. आणि इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतरचा ईएसआर धरू नकोस, तो औषधानेच वाढतो.

लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, तेही वयाप्रमाणे बघ. दोन वर्षांच्या मुलात पांढऱ्या पेशींमध्ये ते निम्म्याहून जास्त असणं नॉर्मल आहे, मोठ्यांची रेंज छापलेल्या रिपोर्टवर ते चुकीचं ठरतं. फेरिटिनचंही तसंच; ते लोहाचा साठा दाखवतं आणि सुजेतही वाढतं. आपल्याकडे पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांत साधारण दोघं ॲनिमिक, त्यातल्या पुष्कळांचं फेरिटिन मुळातच तळाला. तिथून ते चौपट झालं तरी छापील मर्यादेत बसतं.

पण हे सगळं नंतर. आधी तापाचा दिवस. तुझे गाईड म्हणतील, आता रकाना कसा वाढवणार, सिनॉप्सिस, अभ्यासाचा आराखडा, मंजूर झालाय. त्यांना माझं नाव सांग, हवं तर मी फोन करते. इनडोअर पेपरच्या पहिल्या पानावर हिस्टरीत दिवस असतो, नसला तर सिस्टरांच्या टेंपरेचर चार्टवरून काढ. तरीही सापडला नाही तर एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन घरी फोन कर. "किती तारखेला?" असं विचारू नकोस, त्या दिवशी घरात काय होतं ते विचार. त्या कळव्याच्या आईला तारीख आठवत नव्हती, पण पाणी आलं नव्हतं त्या सकाळी अंग तापलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी दुपारी ये. लॅपटॉप नको, पेपरांचा गठ्ठा आण. पहिले दहा आपण दोघं मिळून भरू.

तुझी,
मॅडम