जबड्याची शस्त्रक्रिया : ठेव मोडण्याआधी ई.एस.आय.चे पाहा

आपला मुलगा शिरोली एम.आय.डी.सी.तील फाउंड्रीत सकाळच्या पाळीला जाताना दुचाकीवरून घसरला, खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि डॉक्टरांनी प्लेट बसवण्यासाठी १,४०,००० रुपयांचा अंदाज दिला, असे आपण कळवले आहे. मुलीच्या लग्नासाठीची ३ लाखांची ठेव मोडावी, की तारा बांधून कमी खर्चात भागवावे, हा आपला प्रश्न आहे.

तारांनी दोन्ही जबडे साधारण ४ ते ६ आठवडे बांधून ठेवतात. तेवढे दिवस पेज, सूप, दुधावर काढावे लागतात आणि भट्टीजवळचे अंगमेहनतीचे काम जमत नाही. टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूंनी हाड जागेवर धरले, की तोंड बहुधा लवकर उघडता येते. दोन्हींतले योग्य काय, हे सी.टी. स्कॅन पाहून सर्जननेच ठरवावे. हाड वाकडे जुळले, तर दात एकमेकांवर बसत नाहीत आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून ठेवीच्या पावतीकडे पाहून उपचार निवडू नयेत, असे मी कळकळीने सांगतो.

मुलाच्या पगारपत्रकावर ई.एस.आय.ची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसते का, ते आजच पाहा. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगारांना ही योजना लागू असते आणि कामावर जाण्या-येण्याच्या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरची इजा धरला जातो. तसे ठरल्यास उपचार योजनेतून होतात, शिवाय काम बंद असेपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. मात्र कारखान्याने अपघाताचा अहवाल पाठवायला हवा, आणि खासगी रुग्णालयात दाखल होण्याआधी ई.एस.आय.च्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. नंतर बिलाची भरपाई मागणे फार जिकिरीचे होते.

ई.एस.आय. नसेल, तर कोल्हापूरच्या सी.पी.आर. या सरकारी रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे विचारावे. घरचा आरोग्यविमा असल्यास अपघाताला सुरुवातीची ३० दिवसांची प्रतीक्षा लागू नसते.

एवढे करूनही पैसे कमी पडले, तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घ्यावे. त्याचा दर ठेवीपेक्षा सहसा १ ते २ टक्के जास्त असतो, म्हणजे १,४०,००० रुपयांवर वर्षाला निव्वळ बोजा १,४०० ते २,८०० रुपयांचा. ठेव मोडल्यास मात्र दंड पूर्ण ३ लाखांवर बसेल. तुटलेले दात बसवण्याचा खर्च पुढे वेगळा येऊ शकतो, तेव्हा कर्जाची सगळी मर्यादा आताच वापरू नये.