एकाच अल्बममध्ये कानबाईचं गाणं, गझल, रॅप, लावणी असं सगळं चालतं का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की आपल्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत तुमची आठ गाणी लिहून तयार आहेत, त्यात एक कानबाई देवीचं, एक लग्नात बँडवर नाचायचं, एक गझल, एक रॅप, एक अंगाई, एक लावणी असं सगळंच आहे, आणि मित्र म्हणताहेत की याची खिचडी होईल, एकच स्टाईल पकड आणि तिचाच अल्बम काढ. मी जळगावची, अहिराणी आणि लेवा बोलीतल्या गाण्यांचं अरेंजिंग करते, कीबोर्ड वाजवते, त्यामुळे हा वाद स्टुडिओत नेहमीच ऐकते. माझं मत विचाराल तर एकही गाणं वगळू नका. फक्त प्रत्येक गाण्याचा प्रकार गाण्यातल्या माणसाने ठरवलेला असावा, तुमच्या हौसेने नाही, आणि शब्द सगळीकडे एकाच शिवारातले वाटावेत. एवढं जमलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिलं म्हणजे ऐकणारा गोंधळेल ही भीती मनातून काढा. आपल्याकडचा माणूस वर्षभरात काय काय ऐकतो बघा ना. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाईच्या रात्री बायका रोटांचा नैवेद्य झाल्यावर जागून म्हणतात ती, भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरींची भुलाबाईची गाणी, लग्नसराईत बँड आणि बँजो, जत्रेत तमाशा, एकादशीला भजनी मंडळ, आणि सातपुड्याकडे गेलात तर होळीला ते मोठाले ढोल. हे सगळं एकच माणूस ऐकतो आणि त्याला कधी वाटत नाही की हे एकमेकांत बसत नाही. कारण प्रत्येक गाण्याला त्याची वेळ असते आणि म्हणणारं कोण ते त्याला माहीत असतं.

आता शब्दांचं बोलते, कारण गीतकार म्हणून तुमची खरी ताकद तीच. गीतरामायण घ्या. ५६ गाणी, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर चाललं. चाली सुधीर फडक्यांच्या पण राग किती वेगवेगळे, आणि रेडिओवर गाणारेही अनेक, कुठे राम बोलतो कुठे सीता कुठे कौसल्या कुठे भरत. तरी सगळं एक वाटतं ते गदिमांच्या भाषेमुळे. त्याच गदिमांनी लावण्या लिहिल्या, अभंग लिहिले, लहान मुलांची गाणी लिहिली, आणि त्यांना कुणी एकच स्टाईल पकडा म्हटलं नाही. आपल्या शेजारचं उदाहरण हवं तर ना. धों. महानोर, अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेडचे. १९७७ च्या जैत रे जैत चित्रपटात ठाकर आदिवासींची गाणी लिहिली, पुढे एक होता विदूषक चित्रपटासाठी लावण्या लिहिल्या, दोन्ही टोकाचे प्रकार, पण पाऊस, रान, पीकपाणी दोन्हीकडे त्यांच्याच शेतातून आलेलं. म्हणून ऐकताना माणूस ओळखू येतो.

मला सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट अशी की आपल्या बोलीतली एक साधी ओळ किती प्रकारांत जाते. समजा ओळ आहे "काय सांगू माय तुले". मोजून बघा, आठ अक्षरं. बहिणाबाईंच्या बऱ्याच गाण्यांत ओळ अशीच आठ अक्षरांची असते, ओवीची सवय ती. आता एका अक्षराला एक मात्रा दिली की केरव्याचं, म्हणजे आठ मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन बरोबर भरतं, म्हणजे भजन झालं, बँडवरचं गाणंही झालं. तीच ओळ दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, घ्यायची तर का लांबवा, सां लांबवा, मा लांबवा आणि शेवटी ले लांबवा, प्रत्येक शब्द तीन मात्रांचा झाला, चार शब्दांच्या बारा मात्रा, दादऱ्याची दोन आवर्तनं, आणि लगेच अंगाईचा झोका येतो. आणि रॅपमध्ये चार बीटच्या बारला सोळा बारीक घरं धरली तर ही ओळ त्यात दोनदा बसते, किंवा एकदा म्हणून उरलेल्या आठ घरांत उत्तर द्यायचं. म्हणजे पाया एकच आहे. तुमच्या आठही गाण्यांची अक्षरं अशी मोजून बघा, मला वाटतं निम्म्यापेक्षा जास्त गाण्यांत हाच आठाचा हिशोब निघेल.

गझलेबद्दल एक मनापासून सांगायचंय. अहिराणीत गझल लिहिताना लोक उगाच शराब, साकी, मैफिल घेऊन येतात आणि तिथे गाणं आपलं राहत नाही. अहो आपल्या बोलीत काफिया, म्हणजे गझलेचं यमक, हात जोडून उभा आहे. करस, धरस, भरस, सरस, मरस, क्रियापदंच अशी संपतात, एवढा तयार काफिया प्रमाण मराठीलाही नाही. त्यात केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या माणसाचं दुःख लिहा, कापसाच्या भावाचं लिहा, गझल तंत्रात पक्की राहील आणि बाजूच्या कानबाईच्या गाण्याशी तिचं नातंही राहील. रॅपचंही तेच, मुंबईच्या पोरांची हिंदी उचलू नका. आपल्याकडे बायका भांडताना जो ठेका लागतो, शब्दावर शब्द, तो रॅपच्या जवळचाच आहे, तो कान देऊन ऐका. लावणीबद्दल फार बोलत नाही, चांगला ढोलकीवाला मिळाला तर करा, सॅम्पलवर करायची असेल तर थांबा थोडं.

आवाजाच्या बाजूने एकदोन गोष्टी. एक वाद्य असं निवडा की जे सगळ्या गाण्यांत कुठे ना कुठे येईल, मी तुमच्या जागी असते तर बँजो घेतला असता, लग्नाच्या गाण्यात पुढे, गझलेत अगदी मागे दोन सूर, रॅपमध्ये तोच कापून लूप. मुख्य गळा शक्यतो एकच ठेवा, कानबाईच्या गाण्याला मात्र बायकांचा कोरसच हवा आणि तो गावातल्या म्हणणाऱ्या बायकांचा हवा, स्टुडिओतल्या ट्रेनिंगवाल्या गळ्यात ती चिरकी धार येत नाही. मिक्सिंग प्रत्येक गाण्याचं वेगळं होऊ द्या पण मास्टरिंग, म्हणजे शेवटचा आवाज सारखा करायचं काम, सगळ्यांचं एकत्र एकाच बैठकीत करून घ्या. लोक म्हणतात रॅप फुल मोठा करा, काही उपयोग नाही, स्पॉटिफाय सुटं गाणं साधारण उणे १४ लफ्सच्या (LUFS, आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) लेव्हलला आणतं, जास्त दाबलेलं असलं तर ते खाली ओढतं आणि तुमच्या ढोलकीची थाप तेवढी जाते.

क्रमाचंही सांगते. कानबाईचं पहिलं, त्यात कुणालाच वाद नसतो, मग लगेच रॅप ठेवायची हिंमत करा, मध्ये गझल ठेवून जरा श्वास घ्या, गझलेनंतर लावणी नको, दोन्ही मरतात, मध्ये अंगाई घाला. लग्नाचं गाणं शेवटी ठेवा. लोक ते सुटं ऐकणारच आहेत, त्याच्यासाठी आलेला माणूस वरची नावं तरी वाचेल.

आणि एक काम रिलीजच्या आधी करा, हे बहुतेक जण विसरतात. कानबाईच्या गाण्याचं धृपद जर पारंपरिक असेल तर तिथे पारंपरिक असंच लिहा, स्वतःचं नाव फक्त तुमच्या कडव्यांना द्या, ते बायकांचं पिढ्यान्पिढ्यांचं आहे. बाकी सात गाण्यांवर मात्र गीतकार म्हणून तुमचं नाव स्पष्ट आलंच पाहिजे. चॅनलवाले किंवा कॅसेटच्या काळापासूनचे कंपनीवाले एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून मागतात, सही करायच्या आधी कागद वकिलाला दाखवा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहज लिहून घेता येत नाही. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेऊन गाणी तिथे नोंदवून ठेवा, अहिराणी गाणी यूट्यूबवर इतकी चालतात आणि लिहिणाऱ्याचं नाव खाली कुठेच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रॅपचे शब्द इथे टाकलेत तर अक्षरं कुठे अडखळतात ते बघून सांगते.