व्याख्या पाठ आहेत, प्रोग्राम सुचत नाही

मुलगी लातूरची. शाळा मराठी माध्यमाची, आता संगणकशास्त्राचं दुसरं वर्ष. अडलेला विषय ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग, म्हणजे माहिती आणि तिच्यावर करायची कामं एकत्र बांधून प्रोग्राम लिहिण्याची पद्धत. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांसोबत आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, चारही तत्त्वांच्या व्याख्या पाठ आहेत. पण कोरी स्क्रीन समोर आली की काहीच सुचंना. माझं डोकंच नाही ह्याच्यासाठी."

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दरवेळी जीव तुटतो. डोकं उत्तम होतं. तिला उत्तरं आधी मिळाली होती; ती कोणत्या अडचणीची, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

वडील मोंढ्यात अडतीवर मुनीम. मी त्यांनाच विचारलं, "काका, शेतकऱ्याच्या खात्यावर आकडा कोण लिहितं?"

"मीच. माल आला की जमा, उचल घेतली की नावे. वहीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही."

मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे खात्यातली बाकी प्रायव्हेट. बाहेरून थेट बदलता येत नाही."

तिथून गाडी लागली. 'खातं' हा क्लास, म्हणजे साचा; प्रत्येक शेतकऱ्याचं खातं हा त्या साच्यातून घडलेला ऑब्जेक्ट; 'जमा' आणि 'उचल' या मेथड, म्हणजे खात्यावर करायची कामं. तिनं जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतलं. पुढं मात्र 'शेतकरी' हा क्लास तिनं 'खातं'पासून इनहेरिट केला, म्हणजे शेतकरी हा खात्याचाच एक प्रकार ठरवला, कारण नाव दोन्हीकडं लागत होतं. ही चूक फार मुलं करतात. मी काकांना विचारलं, "शेतकरी म्हणजे खातं का हो?" ते हसले. "शेतकऱ्याचं खातं असतं, मॅडम." 'म्हणजे' की 'चं', एवढंच तपासायचं. 'चं' असेल तिथं इनहेरिटन्स नको. एक ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या आत ठेवायचा.

यात ओढूनताणून काही नाही. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६०च्या दशकात ओस्लोत सिम्युला भाषा घडवली, ती खऱ्या कामकाजाची नक्कल संगणकात उतरवण्यासाठीच. क्लास आणि ऑब्जेक्ट तिथूनच आले. मग मोंढा का नको?

पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच नावाच्या मेथडनं वेगवेगळ्या ऑब्जेक्टमध्ये आपापल्या परीनं काम करणं, आम्ही त्या दिवशी मुद्दाम घेतलं नाही.

निघताना काकांनी लेकीला विचारलं, "मालकानं ठरवून दिल्यापेक्षा जास्त उचल कुणी मागितली, तर तुझा प्रोग्राम अडवील का?"

ती पुन्हा खाली बसली. "अडवील, बाबा. अट फक्त 'उचल'मध्ये घालायची. दुसरीकडून बाकीला हातच लागत नाही."